जावयाची खुंटी

जवाहरनगर,
५ डिसेंबर १९८२

श्रावणभाऊजी यांस,

परसरामचा नमस्कार. आठ वर्षांनी लिहितो आहे, आणि तेही काम पडलं म्हणून. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्हाला वाटायचं मला एकाएकी मायेचं भरतं आलं. तुमचा पत्ता एका नाटक कंपनीच्या पेटीवाल्याने दिला. तो म्हणाला, लाखांदूरच्या बाजूला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचं नाटक असो की शंकरपटाच्या बैलशर्यतींचं, मंचाचं खोदकाम श्रावणच करतो. बरं वाटलं. म्हणजे हात तेच आहेत.

तर काम. आपल्या खैरटोल्यात संगीत महोत्सव होणार आहे. हसू नका, माझं हसून झालं. राईस मिलवाल्या भैय्याजींनी वडिलांच्या नावाने जानेवारीच्या बावीस-तेवीसला ठरवला आहे. नागपूरचे गवई येणार, उद्घाटनाला भंडाऱ्याचे मोठे साहेब येणार, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायला मंचाचं 'मॉडेल' पाहिजे. हा शब्द भैय्याजींनी कुठून उचलला कोण जाणे, पण एकदा उचलल्यावर खाली ठेवायला तयार नाहीत. गावचा एकच माणूस फॅक्टरीच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये ट्रेसर आहे, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

मी केलं कबूल. पत्रिकेवर 'मंचरचना : परसराम' असं छापतो म्हणाले. खोटं कशाला बोलू, तेवढ्यावरच विरघळलो.

एका फुटाला अर्धा इंच धरला आहे. मंच तीस बाय वीस, म्हणजे पाटावर पंधरा इंच बाय दहा. पुठ्ठा शर्टांच्या खोक्यांचा. खांबांच्या बल्ल्या खराट्याच्या काड्यांच्या. पडदा गावाहून कुंताने दिलेल्या जुन्या लुगड्याचा. मैद्याची खळ शिजवून तिच्यात झुरळांसाठी मोरचूद घातलं, तर सगळ्या क्वार्टरला आंबूस वास सुटला आहे. शेजारचे नाकाला पदर लावून जातात. आणि झुरळं एवढी निर्लज्ज, की मोरचूद पचवून डावी विंग खाऊन गेली. सकाळी उठून ती कुरतडलेली कड पाहिली आणि शिसारी आली. दाढीच्या पात्याने बोटं कापून घेतली ती वेगळीच.

अडलो कुठे, ते सांगतो. पुठ्ठ्यात खड्डा खोदता येत नाही. मंचासमोर बसणाऱ्यांसाठी तुम्ही जमीन खोदून उतार द्यायचात, मागच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसायचं, आणि निघालेली माती मंचाखाली ठोकायचात. तो उतार दहा फुटाला किती ठेवायचात? मी तेव्हा समोर उभा होतो, पण मोजला नाही. गावठी काम वाटायचं. तेवढं कळवा, म्हणजे पाटाची मागची बाजू त्या मापाने उचलतो.

माझी बहीण म्हणून नाही, तुमची बायको म्हणून सांगतो, कुंता बरी आहे. तुमची चंद्रकला चौदाची झाली, तुमच्यासारखीच उंच.

मागे जो प्रकार झाला त्याबद्दल लिहीत नाही. झालं गेलं.

परसराम


जवाहरनगर,
१६ डिसेंबर १९८२

भाऊजी,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. 'उतार दहा फुटास एक फूट ठेवणे. ओल पाहून घेणे. श्रावण.' बस. वर नमस्कार नाही, खाली आशीर्वाद नाही, बायको-लेकीची विचारपूस नाही. पोस्टमनने मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे काय शेतीखात्याचं कार्ड हाये का?" मी म्हटलं, हो.

पहिलं वाक्य मी विचारलं होतं. दुसरं मी विचारलं नव्हतं. ते वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

रविवारी मॉडेल घेऊन खैरटोल्याला गेलो. एसटीत मांडीवर, वर टॉवेल. लोकांना वाटलं देव नेतो आहे. भैय्याजींच्या बैठकीत समिती जमली होती. समिती म्हणजे भैय्याजी, आणि भैय्याजी हसले की हसणारे सहाजण. एकाने विचारलं, "यात दिवे लागते का?" दुसऱ्याने पुठ्ठ्याचा गवई कुठे आहे म्हणून शोधलं. तिसरा कोपऱ्यातली बल्ली काढा म्हणाला, कारण तिच्यामुळे साहेबांच्या खुर्चीतून बॅनर दिसत नाही. उंटावरचे शहाणे परवडले, ते निदान उंटावर तरी असतात. हे माझ्या पाटावर कोपर टेकून बसले होते.

मी म्हटलं, कोपऱ्यातली बल्ली काढली तर भार कोण पेलणार? त्यावर भैय्याजींनी देवघरातून नारळ मागवला आणि माझ्या मंचाच्या मधोमध ठेवला. मंच हलला नाही. "पाहा, पुठ्ठ्यानं नारळ पेलला. मंग लाकडाले काय धाड भरली?" सहाही जण हसले. पुठ्ठा सागवानी पाटावर चिकटवलेला आहे, त्याच्या बुडाशी जमीन नाही, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. मी समजावून पाहिलं. मग गप्प बसलो. मला गप्प बसायची सवय आहे, तुम्हाला माहीतच आहे.

आणि मग भैय्याजींनी जागा सांगितली. सडकेला लागून असलेलं त्यांचं भाताचं शेत, ती धानाची बांधी. तीच. गाड्या थेट मंचापर्यंत येतात, जमीन सपाट आहे, खोदायची कटकट नाही. मी विचारलं, तिथे मागे एकदा मंच खचला होता ना? तर म्हणाले, "तो त तुमच्या घरच्या जावयानं, श्रावननं, गाठी ढिल्या बांधल्या म्हून पडला गा. तूच सांगतलं होतं ना? बांधीचा काय दोष? बांधी त साजरी हाये."

मीच सांगितलं होतं. बरोबर आहे.

परत येताना बांधी पाहिली. कापणीआधीच तिच्यात लाखोरीची डाळ पेरून ठेवलेली, गुडघ्याशी हिरवीगार. पाण्याचा थेंब न देता लाखोरी अशी उभी राहते म्हणजे खाली किती ओल आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आता महोत्सवासाठी तिच्यात गुरं सोडणार आहेत. वरून ती सुकलेली दिसेल.

कुंताकडे चहा घेतला. ती म्हणाली शाळेच्या चाळीस मुली स्वागतगीत म्हणणार, आणि पहिली ओळ चंद्रकला एकटी म्हणणार. पोरगी लाजून आत पळाली आणि आतूनच गायली. भाऊजी, आवाज चांगला आहे. चाळीस मुली एकाच वेळी त्या मंचावर उभ्या राहणार.

परसराम


जवाहरनगर,
२५ डिसेंबर १९८२

भाऊजी,

तुमचं उत्तर येणार नाही, कारण मी काही विचारलंच नव्हतं. आजही विचारत नाही. आज नाताळची सुट्टी आहे, मॉडेल समोर आहे, आणि मला त्याच्याकडे पाहवत नाही.

मॉडेल सुंदर झालं आहे, हीच तर घाण आहे. पायऱ्या, विंगा, झालर, माइकचा खांब म्हणून टाचणी. सेक्शनमधले लोक येऊन पाहून गेले. कोणी म्हणालं, तुमच्या हाताला तोड नाही. हात हा शब्द ऐकताच मी हात खिशात घातले.

जे आपण दोघंच जाणतो ते आता लिहून काढतो. लिहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता यायचं नाही.

चौऱ्याहत्तरची मंडई. खैरटोल्याची रीत तुम्हाला मी काय सांगणार, पण सांगतो, कारण ती मी मोडली. पहिली खुंटी जो गाडतो, मंच त्याचा. नारळ त्याचा, आणि पडला तर मानही त्याचीच खाली. दुसऱ्याची खुंटी कोणी हलवत नाही. तुम्ही तलावाच्या पाळीखालच्या कडक मुरमाड जागेत खुंटी गाडली होती. मी नवा नवा ट्रेसर, कागदावर नकाशा काढून आणला होता आणि त्यात मंच बांधीत होता. तुम्ही बांधीत लोखंडी सब्बल खुपसून वर आलेल्या मातीचा वास घेतलात आणि म्हणालात, "इथं नाही." चारचौघांत. घरजावयाने मला, ड्रॉइंग सेक्शनच्या माणसाला, माती हुंगून सांगावं! मला एवढा राग आला की तो राग आठवला तरी आज स्वतःची किळस येते.

तुम्ही बांबूचे तट्टे आणायला भंडाऱ्याला गेलात. दोन दिवस. मी तुमची खुंटी उपटली आणि बांधीत नेऊन गाडली. खणायला चिंधू होता, त्याने विचारलं. मी म्हटलं, जावयानंच सांगितलं आहे.

तुम्ही परत आलात तेव्हा फळ्या ठोकून झाल्या होत्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, काही बोलला नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत एकट्याने आडव्या बल्ल्या बांधत राहिलात. सगळ्या गावाने तुम्हाला गाठी मारताना पाहिलं. दुसऱ्या अंकात डावी बाजू बसली, आणि नागपूरहून आलेल्या सुंदरबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. त्या पुन्हा कधी मंचावर उभ्या राहिल्या नाहीत. भैय्याजींनी विचारलं, कसं झालं? तुम्ही तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, गाठी ढिल्या होत्या.

तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत. माझी नोकरी कच्ची होती, भानगडीत नाव आलं असतं तर गेली असती, म्हणून गप्प राहिलात, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. आठ दिवसांनी तुम्ही गाव सोडलंत. कुंता तुमच्याबरोबर आली नाही, कारण तिला लाज वाटत होती. तुमची. ती लाज मी तिला दिली होती.

आता गंमत पाहा. गाठी ढिल्या होत्या म्हणून बांधी निर्दोष सुटली. माझं खोटं आठ वर्षं त्या बांधीत लाखोरीसारखं वाढलं, आणि आता तिथेच चंद्रकला उभी राहणार. बांधी नको म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण मी आठ वर्षं खाल्लं, आणि खवखव आत्ता सुरू झाली, तीही पोरगी मध्ये आली तेव्हा. सुंदरबाईंच्या वेळी नाही झाली. याचाच मला सगळ्यात जास्त वीट येतो.

दोन तारखेला शेवटची बैठक आहे. तीन तारखेला मॉडेल साहेबांकडे जाणार.

परसराम


खैरटोला,
३ जानेवारी १९८३

भाऊजी,

मॉडेल साहेबांकडे गेलं नाही.

काल बैठकीच्या आधी चिंधूकडे गेलो. म्हातारा झाला आहे आता. म्हटलं, भैय्याजींच्या बांधीत दोन हात खोद आणि घमेलंभर माती आण. त्याने कारण विचारलं नाही. घमेलं घेऊन माझ्या मागोमाग बैठकीत आला आणि गालिच्यावर ठेवलं. भैय्याजी चिडले. "हे काय आणलं गा परसराम? मॉडेल म्हणलं होतं, चिखल नाही."

चिंधू म्हणाला, "चिखल नोहे भैय्याजी, तुमचीच बांधी हाये. वरून टनक हाये, खाली कुदळ रुतून राहिली."

मी पात्याने खळ सोडवून मॉडेल पाटावरून मोकळं केलं. वीस दिवसांचं काम होतं ते. काड्यांचे पाय घमेल्यातल्या मातीत रोवले. म्हटलं, भैय्याजी, नारळ आणा. त्यांनी आणवला नाही, मीच देवघरात जाऊन घेतला. मंचावर ठेवला. थोडा वेळ काही झालं नाही, आणि एकजण हसायला लागला. मग डावीकडच्या काड्या हळूच आत गेल्या, मंच तिरका झाला, झालर फाटली, आणि नारळ घरंगळत भैय्याजींच्या पायाशी जाऊन थांबला. गाठ एकही सुटली नव्हती. मी सगळ्यांना जवळ बोलावून एकेक गाठ दाखवली.

भैय्याजी म्हणाले, "मंग त्या वक्ताले?"

मी म्हटलं, "त्या वक्तालेबी असंच. जावयाची खुंटी पाळीखाली होती. मी उपटली. बांधीत मी गाडली. चिंधूले खोटं मी सांगतलं, न् गाठीचं खोटंबी माह्यंच."

चिंधू खाली पाहत म्हणाला, "मले वाटतच होतं. पन तुमी हाफिसातले. तुमाले कोन बोलन?" त्याची दातखीळ माझ्यामुळे बसली होती, आणि लाज त्यालाच वाटत होती.

तुम्हाला वाटेल, बैठकीत हाहाकार उडाला असेल. भैय्याजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "पत्रिका त छापून झाल्या. तुह्यं नाव हाये त्यात. आता काय कराचं?" सुंदरबाईंचं नाव कोणाला आठवलं नाही, तुमचं कोणी काढलं नाही. एक म्हणाला नावावर कागद चिकटवू. दुसरा म्हणाला बांधीत मुरूम टाकू. मी उठून बाहेर गेलो. आणि बाहेर ओसरीवर कुंता उभी होती. मुलींच्या लुगड्यांचा रंग विचारायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

घरी गेलो. कुंताने नेहमीसारखं ताट वाढलं. मी बसलो, पहिला घास घेतला, तेव्हा बोलली.

"आठ वर्सं मी माह्या नवऱ्याले ढिल्या गाठीचा म्हनत आली. याच चुलीपाशी बसून. अन् तू माह्या हातचं जेवत जेवत आयकत राह्यला."

दादा म्हणाली नाही. मी ताट बाजूला सारलं. चंद्रकला दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने मान फिरवली.

परसराम


खैरटोला,
५ जानेवारी १९८३

भाऊजी,

हे पत्र टपालाने येत नाही. ज्या बाईने तुमच्या हातात ठेवलं, तिच्याकडे आधी पाहा. बाकीचं सावकाश वाचा, महत्त्वाचं फारसं नाही.

बांधी रद्द झाली. भैय्याजींना पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, तर चाळीस मुलींच्या आयांनी पोरी पाठवत नाही म्हणून सांगितलं, म्हणून. कुंता रात्रीतून घरोघर फिरली होती. मंच आता पाळीखाली, तुमच्याच जागेवर. खड्डा खोदायला पंधरा जण तयार आहेत, पण पहिली खुंटी गाडायला एकही नाही. भैय्याजी मला म्हणाले, तू गाड. चिंधूने माझ्या देखत सांगितलं, "याचा हात नोको." मी त्याच्याशी सहमत आहे.

मी कुंताला म्हटलं, माफीचं पत्र लिहून देतो, ते घेऊन जा. तर म्हणाली, "माफी मागाची त मी मागन, मले मागाचीच हाये. तुह्यी माफी माह्या पदरात बांधू नोको." म्हणून या पत्रात माफी नाही. आधीच्या पत्रांतही नव्हती, तुमच्या लक्षात आलं असेल. ती जमली तर समोर येऊन मागेन, तुम्ही उभं केलंत तर.

चंद्रकलेला विचारलं होतं, बाबा नाही आले तर गाशील का? ती माझ्याशी बोलत नाही. चिंधूला मात्र म्हणाली, बाबाच्या मंचावर गाईन, नाहीतर नाही. अठरा तारखेपर्यंत खोदकाम सुरू झालं नाही तर समिती कनात ठोकून मोकळी होईल, आणि पोरगी घरी बसेल. एवढं कळावं.

मोडलेलं मॉडेल कुंताच्या अंगणात वाळत पडलं आहे, तिरकंच. त्यावर कोंबड्या चढतात.

कुंताच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली एक खुंटी आहे. तुमचीच, चौऱ्याहत्तरची. मंच मोडला तेव्हा चिंधूने बांधीतून उपटून घरी नेली होती आणि आठ वर्षं आढ्याला खोचून ठेवली होती. काल त्याने ती चंद्रकलेच्या हातात दिली, तिने धुतली, फडक्यात बांधली, आणि आईच्या पिशवीत ठेवली. मी दोन हात लांब उभा होतो. खुंटीला मी हात लावलेला नाही.

परसराम